वहिवाट आणि देखावा : लेकॉक गावाची समीक्षा

गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'मूळ' आणि 'नक्कल' या शब्दांचा विचार केला, चित्र आणि शिल्प यांच्या संदर्भात. आज मी एक गाव घेणार आहे. इंग्लंडमधलं, विल्टशायर परगण्यातलं, लेकॉक नावाचं.

आता कोणी म्हणेल, समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते, गावाची कशी करणार? साधारणपणे करता येत नाही, हे खरं आहे. गाव कोणी रचत नाही, ते होत जातं. पण लेकॉक आज जसं दिसतं तसं ते ठरवून ठेवलेलं आहे. इथे खांब दिसू द्यायचा की नाही, ही वासा बदलायचा की सांधायचा, या दुकानाची पाटी केवढी असावी, असे शेकडो निर्णय त्यामागे आहेत. निर्णय आला की तो बरा की वाईट हे विचारता येतं. तेवढं समीक्षेला पुरे.

आधी गावाची ओळख करून घेऊ. चिपनहॅम शहराच्या दक्षिणेला साधारण पाच किलोमीटरवर, एव्हन नदीकाठी हे गाव आहे. गाव छोटं. मुख्य रस्ते चार आणि त्यांचा मिळून एक चौकोन. चालत निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा जिथे होतात तिथे येता. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी सांगाड्याची घरं, काही दगडी, काही विटांची. काही घरांचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला नीटनेटका आहे आणि त्याच्या मागे त्याहून कितीतरी जुना लाकडी सांगाडा आहे. जुन्या शहरी बाईने नवं लुगडं नेसावं तसं. (हशा) सेंट सिरिॲकचं चर्च आहे, पंधराव्या शतकातली सराई आहे, चौदाव्या शतकातलं एक मोठं कोठार आहे. त्या कोठारात मठाचा खंड जमा होई, आणि तो पैशात नाही, धान्य, कातडी, लोकर अशा मालाच्या रूपात. त्याला लागूनच दारुड्यांना रात्रभर कोंडून ठेवण्याची घुमटाकार छोटी कोठडी आहे. म्हणजे महसूल आणि फौजदारी एकाच भिंतीला टेकलेले. तलाठी आणि पोलीस पाटील शेजारी-शेजारी, म्हणा ना.

यातलं एक घर मुद्दाम सांगतो. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीत दोन वाकडी जाडजूड लाकडं माथ्याशी एकमेकांना टेकलेली स्पष्ट दिसतात. छपराचा सगळा भार त्या जोडीवर. मधली भिंत कुडाची असली तरी चालते, कारण ती भार पेलतच नाही, नुसती आडोसा करते. आपल्याकडे कोकणातल्या किंवा घाटावरच्या जुन्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. भिंत पडली तरी घर उभं राहतं, कारण घर म्हणजे सांगाडा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता इतिहास, आणि त्यातही मालकीचा इतिहास. कारण मला वाटतं या गावाची किल्ली तिथे आहे. १२३२ मध्ये एला, सॅलिसबरीची काउंटेस, हिने इथे जोगिणींचा मठ स्थापला. तिचा नवरा विल्यम लाँगस्पे हा दुसऱ्या हेन्री राजाचा अनौरस मुलगा. नवऱ्याच्या मागे तिने मठ उभारला आणि पुढे ती स्वतः मठाधिपती झाली. गावची जमीन मठाची, घरं मठाच्या कुळांची. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाला आणि पुढच्या वर्षी विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबारी माणसाने ही मालमत्ता ७८३ पौंडांना घेतली. त्याच्या भावाच्या मुलीचं लग्न टॅलबॉट घराण्यात झालं आणि मालकी तिकडे गेली. ती थेट १९४४ पर्यंत. त्या वर्षी मॅटिल्डा टॅलबॉट यांनी मठाची वास्तू आणि गाव दोन्ही नॅशनल ट्रस्टला दान केलं. ही सरकारी कचेरी नव्हे. १८९५ मध्ये स्थापन झालेली, लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी संस्था आहे.

बघा, मठ, घराणं, न्यास. सातशे वर्षांत तीन मालक. म्हणून लेकॉकबद्दल दोन लोकप्रिय मतं आहेत ती दोन्ही मला पटत नाहीत. पहिलं मत असं की हे 'काळाने स्पर्श न केलेलं' गाव आहे. दुसरं मत बरोबर उलट. ट्रस्टने एका जिवंत, स्वतंत्र गावाचं संग्रहालय करून टाकलं, असं ते म्हणतं. दुसऱ्या मताला माझं उत्तर असं, की गाव मोठ्या प्रमाणावर नेहमीच कुणाचं तरी कूळ होतं. खंड घेणारा बदलला, खंड देणं बदललं नाही. आणि गाव टिकलं ते याच कारणाने. लोकरीच्या व्यापारात पैसा आला तेव्हा चांगली घरं बांधली गेली. पुढे तो व्यापार ओसरला. १८४१ मध्ये लंडनहून येणारा मोठा लोहमार्ग चिपनहॅमवरून गेला. कारखानदारी, वाढ, गर्दी तिकडे झाली. इथे मोडून नवं बांधावं एवढा पैसा कुळांकडे नव्हता, आणि मालक एकच असल्याने तुकड्या-तुकड्यांनी विक्रीही झाली नाही. ज्याला आपण आज 'जपणूक' म्हणतो तिचा पहिला हप्ता मंदीने भरला होता. हे रम्य नाही, पण खरं आहे.

आता पहिलं मत. काळाने स्पर्श केलेला नाही म्हणे! मठाच्या वास्तूकडे जरा नीट बघा. शॅरिंग्टनने मठाचं चर्च पाडून टाकलं. पण आतल्या अंगणाभोवतीच्या कमानींच्या ओवऱ्या आणि जोगिणींच्या काही खोल्या ठेवल्या आणि त्यांच्या डोक्यावर आपलं घर बांधलं. कोपऱ्यावर अष्टकोनी मनोरा चढवला, नव्या इटालियन धर्तीचा. हा गृहस्थ ब्रिस्टलच्या टांकसाळीचा अधिकारी होता, आणि टांकसाळीतच त्याने मोठी अफरातफर केली. १५४९ मध्ये पकडला गेला, पुढे माफी मिळाली, मालमत्ताही परत मिळवली. म्हणजे ज्या सुंदर मनोऱ्याचे फोटो आज लोक काढतात तो एका अपहार करणाऱ्या माणसाच्या ऐश्वर्याचा नमुना आहे. मग १७५४-५५ मध्ये जॉन आयव्हरी टॅलबॉटने सँडर्सन मिलर या हौशी वास्तुकाराकडून नवा दर्शनी दिवाणखाना बांधून घेतला, आणि तो कसा? गॉथिक शैलीचा! खऱ्या गॉथिक ओवऱ्या चार पावलांवर असताना शेजारी हौसेचं गॉथिक. भिंतींच्या कोनाड्यांत भाजलेल्या मातीच्या मूर्ती. आणि मग १८२० च्या दशकाच्या शेवटी विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटने दक्षिण बाजूच्या दालनाला भिंतीबाहेर येणाऱ्या खिडक्या बसवल्या.

यातली एक खिडकी जगप्रसिद्ध आहे. ऑगस्ट १८३५ मध्ये याच टॅलबॉटने तिची प्रतिमा कागदावर उमटवली, टपालाच्या तिकिटाएवढी. आज शिल्लक असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह. त्याने शेजारी टीप लिहून ठेवली की प्रतिमा ताजी असताना भिंगातून पाहिलं तर काचेचे सुमारे दोनशे चौकोन मोजता येत होते. लोक ती प्रतिमा बघतात आणि म्हणतात, अहाहा, केवढी प्राचीन खिडकी! त्या वेळी ती खिडकी काही वर्षांचीच होती. त्याने स्वतःच घरात केलेली दुरुस्ती होती ती.

आता माझा प्रश्न. समजा १५३८ साली नॅशनल ट्रस्ट असता आणि त्याने मठ आहे तसा जपला असता, तर शॅरिंग्टनचा मनोरा नाही. १७५० साली जपला असता, तर तो गमतीदार दिवाणखाना नाही. १८२५ साली जपला असता, तर ती खिडकी नाही. आज ज्या ज्या गोष्टींसाठी आपण या वास्तूवर प्रेम करतो त्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे कुणीतरी आधीच्या गोष्टीत केलेली ढवळाढवळ आहे. मग बदल करण्याचा हक्क चारशे वर्षं होता आणि १९४४ नंतर तो संपला, हे कोणत्या न्यायाने? हा प्रश्न वितंडवादी वाटेल. पण जपणुकीच्या कोणत्याही विचाराला तो टाळून पुढे जाता येत नाही.

याला एक उत्तर एकोणिसाव्या शतकातच दिलं गेलं. रस्किनने १८४९ मध्ये आणि विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये. त्या काळी इंग्लंडमध्ये जुनी चर्चेस 'मूळ रूपात आणण्याची' लाट होती. म्हणजे मधल्या शतकांनी घातलेली भर खरवडून काढायची आणि आपल्या कल्पनेतलं तेरावं शतक तिथे बसवायचं. मॉरिसने याविरुद्ध संस्थाच काढली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मूळ रूप परत आणता येत नाही, आणता येते ती फक्त आपली मूळ रूपाबद्दलची कल्पना. तेव्हा रोज निगा राखा, गळतं तिथे बुजवा, कललं तिथे टेकू द्या, आणि टेकू हा टेकूच दिसू दे.

आपल्या भाषेत या दोन वृत्तींना दोन सुंदर शब्द आहेत. एक जीर्णोद्धार, दुसरा डागडुजी. जीर्णोद्धार हा पुण्याचा शब्द. अहिल्याबाई होळकरांचं नाव घेताना तो आपसूक तोंडात येतो. डागडुजीला कुणी पुण्य म्हणत नाही. त्याची कोनशिलाही बसत नाही. मॉरिस डागडुजीच्या बाजूचा माणूस होता. पण फरक लक्षात घ्या. ज्या देवळात पूजा चालू आहे त्याचा जीर्णोद्धार देवासाठी होतो, दगडासाठी नाही. दगड नवा आला तरी चालतं, पूजा तीच असते. मॉरिसच्या समोर प्रश्न दगडाचा होता, कारण त्याच्या दृष्टीने गवंड्याचा हात त्या दगडात होता. तेव्हा 'काय टिकवायचं' याचं उत्तर ठरल्याशिवाय 'कसं टिकवायचं' याचं उत्तर मिळत नाही.

इथे थीसियसच्या जहाजाची गोष्ट आठवेल. प्लूटार्कने सांगितलेली. जहाजाची एक-एक फळी बदलत गेलात, शेवटी सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? हॉब्जने १६५५ मध्ये त्यात एक खोच घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्याच क्रमाने जोडल्या तर? मग मूळ जहाज कोणतं? लेकॉकच्या बाबतीत मी हा प्रश्न असा विचारतो. वासे, कौलं, चुना बदलत राहिले, पण घरात कूळ नांदतं आहे, हे एक जहाज. सगळं लाकूड जुनं, अस्सल, पण आत कुणी राहत नाही, हे दुसरं जहाज. यातलं गाव कोणतं?

हा काही काल्पनिक प्रश्न नाही, आणि म्हणून दोन मिनिटं लेकॉक सोडून शेजारच्या डॉर्सेट परगण्यात जाऊ. तिथे टाइनम नावाचं गाव आहे. डिसेंबर १९४३ मध्ये, म्हणजे लेकॉकच्या दानाच्या काही महिने आधी, लष्करी सरावासाठी ते रिकामं करून घेतलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. युद्धानंतर परत येऊ, अशी त्यांची समजूत होती. परत येऊ दिलं गेलं नाही. आज चर्च आणि शाळा नीट ठेवली आहेत, ठरलेल्या दिवशी ती पाहता येतात, घरांच्या छपराविना भिंती उभ्या आहेत. दुसरं गाव मिल्टन ॲबस. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या लॉर्डला आपल्या वाड्यासमोर जुनं बाजाराचं गाव दिसतं म्हणून खुपायला लागलं. त्याने ते पाडलं आणि लांब दरीत एकसारख्या गवती छपरांच्या घरांची रांग उभी केली. आज तीच रांग 'जुनं इंग्लिश खेडं' म्हणून कॅलेंडरवर येते. एका गावात माणसं गेली आणि अवशेष जपले. दुसऱ्यात माणसं हलवली आणि देखावा रचला. लेकॉक या दोन्हींच्या मध्ये आहे, आणि त्याचा कल कुठे जातो हा प्रश्न आहे.

व्हिएन्नातला कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये या गुंत्याची फार चांगली फोड केली. तो म्हणतो, जुन्या वास्तूला निरनिराळी मूल्यं असतात. एक वयाचं मूल्य. शेवाळ, झीज, वाकलेला वासा बघून कुणालाही, अगदी न शिकलेल्यालाही, जे वाटतं ते. दुसरं इतिहासाचं मूल्य. अमुक काळाचा पुरावा म्हणून जे असतं ते. तिसरं वापराचं. आणि ही तिन्ही एकमेकांशी भांडतात. वयाचं मूल्य म्हणतं, झिजू दे. इतिहासाचं म्हणतं, झीज इथेच थांबव. वापराचं म्हणतं, छप्पर गळतंय हो, आधी ते बघा. तिसऱ्याला मी आपला जुना शब्द वापरतो, वहिवाट.

लेकॉकची अडचण अशी की तिथे एक चौथं मूल्य येऊन बसलं आहे. ते रीगलच्या यादीत नव्हतं. देखाव्याचं मूल्य. तारा दिसत नाहीत, ॲन्टेना दिसत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याला हे गाव फार सोयीचं. १९९५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिकेत हे गाव मेरिटन झालं, पुढे 'क्रॅनफर्ड'साठी ते वापरलं गेलं, मठाच्या ओवऱ्या हॅरी पॉटरच्या शाळेत गेल्या. याला माझा तात्त्विक आक्षेप नाही. भाडं मिळतं, त्यातून कौलं बदलली जातात. आक्षेप आहे तो परिणामाला. प्रेक्षक पडद्यावरचं गाव आधी बघतो आणि मग खरं गाव त्याच्याशी ताडून बघतो. दारात उभी असलेली मोटार त्याला खुपते. पण ती मोटार हाच पुरावा आहे की आत कुणीतरी राहतं!

आता पुन्हा फॉक्स टॅलबॉटकडे. त्याची मोठी अडचण प्रतिमा उमटवण्याची नव्हती. प्रकाशाने कागद काळा होतो हे आधीही माहीत होतं. अडचण होती ती प्रतिमा टिकवण्याची. बघायला उजेडात आणली की उरलेला कागदही काळा होणार. म्हणून त्याने तीव्र मिठाच्या द्रावणाने ती स्थिर केली. पुढे हर्शेलने सुचवलेलं हायपो आलं. स्थिर करणं म्हणजे काय, तर यापुढे प्रकाशाचा या कागदावर काही अंमल चालणार नाही अशी व्यवस्था. गाव जपताना हीच कल्पना नकळत डोक्यात येते, की काळाचा अंमल थांबवावा. फोटोला ते चालतं. घराला नाही. ज्या घरावर काळाचा अंमल चालत नाही त्यात मूलही जन्मत नाही.

पण टॅलबॉट स्वतः तसा विचार करत नव्हता, याचाही पुरावा आहे. 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे त्याचं पुस्तक १८४४ ते १८४६ दरम्यान भागांनी निघालं. त्यात लेकॉकचं एक छायाचित्र आहे, 'उघडं दार'. त्यात मनोरा नाही, ओवऱ्या नाहीत. एक साधं दार अर्धं उघडं, आत अंधार, आणि चौकटीला टेकवून ठेवलेला खराटा. त्याने सोबत लिहिलंय की रोजच्या ओळखीच्या गोष्टी चित्रविषय होऊ शकतात याला डच चित्रकारांचा आधार पुरेसा आहे. खराटा मांडून ठेवलेला आहे, हे उघड आहे. पण त्याने मांडायला काय निवडलं, तर झाडलोट. वहिवाटीची खूण. घरमालक असून त्याने घराचं वैभव सोडून नोकराच्या हातातली वस्तू दाखवली.

तर माझा निर्णय. मठाची वास्तू मला उत्तम वाटते, कारण तिथे थर झाकलेले नाहीत. पाडापाडी, अफरातफरीचा पैसा, हौस, प्रयोग, सगळं एकाच भिंतीत वाचता येतं. गावाबद्दल मी सावध आहे. तिथे जपणूक दिसण्याच्या बाजूला जास्त झुकली आहे. तरीही मी ट्रस्टच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे मांडीन. घरं विकली जात नाहीत, भाड्याने दिली जातात. इंग्लंडमधल्या कितीतरी सुंदर खेड्यांत घरं शहरातल्या पैसेवाल्यांनी सुट्टीपुरती विकत घेतली आणि हिवाळ्यात तिथे दिवा लागत नाही. लेकॉकमध्ये भाडेकरू राहतात, प्राथमिक शाळा भरते, चर्चमध्ये प्रार्थना होते. तेव्हा त्या कुडाच्या भिंतीच्या घरासारखं आहे हे. भार पेलणारा सांगाडा म्हणजे राहणारी माणसं. दर्शनी भिंत आडोसा आहे. ट्रस्टने पुढच्या शंभर वर्षांत भिंतीची काळजी थोडी कमी केली तरी चालेल, भाडं सामान्य माणसाला परवडेल एवढी काळजी मात्र घ्यावी. शिक्षिका, सुतार, बसचालक तिथे राहू शकले नाहीत तर उत्तम डागडुजी केलेलं टाइनम तेवढं हाती उरेल.

इथे थांबतो. दोन प्रश्न आलेत, ते घेऊ.

श्रोत्यांचा प्रश्न : म्हणजे भाडेकरूंना घरात हवे ते बदल करू द्यावेत का?

उत्तर : हवे ते नाही. मॉरिसचा नियम इथे चांगला चालतो. गरजेचा बदल करा, तो परत काढता येईल असा करा, आणि तो जुना असल्याचं सोंग आणू नका. आत न्हाणीघर हवं, ऊब हवी, यावर वाद नको. बाहेरच्या रूपाबद्दल भाडेकरू आणि मालक यांनी मिळून ठरवावं. आज अडचण अशी की जिथे मालक एकच असतो तिथे 'मिळून' हा शब्द मालकाच्या मर्जीवर राहतो. जोगिणींच्या काळीही तसंच होतं.

श्रोत्यांचा प्रश्न : छायाचित्रणाचा आपल्याकडच्या वारशाशी काही संबंध लागतो का?

उत्तर : लागतो. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि त्या काळात लेणी, देवळं, किल्ले यांच्या छायाचित्रांतून आपल्या वास्तूंकडे 'स्मारक' म्हणून बघण्याची सवय लागत गेली. फोटो काढायचा म्हणजे समोरची माणसं, गुरं, धुणं बाजूला करायचं. ती सवय अजून गेलेली नाही. तेव्हा पुढच्या वेळी जुन्या वास्तूचा फोटो काढाल तेव्हा दारातला खराटा हलवू नका, एवढीच विनंती.

पुढच्या व्याख्यानात रीगलचा निबंध सविस्तर वाचू.